राखणदाराचं घड्याळ कोणाचं?

प्रश्न : मी नागपुरात कळमन्याला राहतो. बाजार समितीच्या यार्डाभोवती मिरची-चिंच साठवणारी शीतगृहं आहेत. त्यांत तापमान नोंदवणाऱ्या पेट्या मी आणि माझा मित्र बसवतो. मोठ्या पेटीत लिनक्स चालतं. खोल्यांतल्या छोट्या पेट्यांतही एसटीएम३२एफ४ जातीच्या चिपवर आटोपशीर लिनक्सच आहे. पेटी हँग झाली तर आपोआप रीबूट व्हावी म्हणून वॉचडॉग वापरतो, पण तीन गोष्टी उमगत नाहीत. मोठ्या बोर्डाच्या डिव्हाइस ट्रीमध्ये वॉचडॉगला दोन क्लॉक लिहिलेत. दोन्ही सारखेच वाटले म्हणून मित्राने एक काढला, तर बूट संपत आलं असताना बोर्ड थिजला. दुसऱ्या एका बोर्डाचा नोड आम्ही स्वतः लिहिला आणि क्लॉक लिहिलाच नाही. महिनाभर सगळं सुरळीत होतं, मग एका रात्री पेटी हँग झाली आणि सकाळपर्यंत तशीच पडून राहिली. तिसरं म्हणजे, छोट्या पेट्यांत टाइमआउट ३० सेकंद आहे, पण मोबाइलवर वेळ लावून पाहिली तर एक पेटी २४ सेकंदांत रीसेट होते आणि दुसरी ३५. वॉचडॉग हाच मुळी टायमर आहे ना? मग त्याला आणखी घड्याळ कशाला दाखवायचं?

उत्तर : तुम्ही वेळ लावून पाहिलीत हे वाचून बरं वाटलं. वॉचडॉग बसवणारे पुष्कळ असतात, तो खरोखर चावतो का हे तपासणारे थोडे. तिसऱ्या गोष्टीपासून सुरुवात करू, कारण बाकीच्या दोन्हींची किल्ली तिथेच आहे.

तुमच्या यार्डातला लिलाव डोळ्यांसमोर आणा. संत्र्यांच्या ढिगापुढे बोली चढत जाते, एका आकड्यावर थांबते, मग पुकारणारा ‘एक... दोन... तीन’ म्हणतो आणि माल सुटतो. एकपासून तीनपर्यंत वेळ किती गेला? ते पुकारणाऱ्यावर आहे. मागे गाड्यांची रांग असेल तर दोन सेकंद, कोपऱ्यातला व्यापारी अजून मनात हिशेब करतोय असं दिसलं तर दहा. ‘तीन’ हा आकडा आहे, वेळ नाही. वेळ सांगायची तर पुकारणाऱ्याची गती माहीत हवी.

वॉचडॉगच्या पोटात एवढंच आहे, एक काउंटर. त्यात आकडा भरायचा, क्लॉकच्या प्रत्येक ठोक्याला तो एकने उतरतो. प्रोग्राम जागा असेल तोवर अधूनमधून किक मारतो आणि मोजणी पुन्हा वरून सुरू होते. किक आलीच नाही आणि आकडा शून्यावर पोचला की प्रोग्राम अडकला असं धरून वॉचडॉग रीसेटची तार ओढतो. सेकंद ही गोष्ट त्याच्या गावीही नाही. ‘३० सेकंद’ तुम्ही ड्रायव्हरला सांगता, ड्रायव्हर त्याचे ठोके करतो, आणि ते करायला त्याला सेकंदाला किती ठोके पडतात हे कुणीतरी सांगावं लागतं. डिव्हाइस ट्रीमधली, म्हणजे बोर्डावर काय काय आहे हे कर्नेलला नोडानोडाने सांगणाऱ्या फाइलीतली, ‘क्लॉक्स’ ही ओळ ते सांगते. (फाइलीत हे शब्द रोमन अक्षरांत असतात, इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय.)

आता तुमची छोटी पेटी उघडू. एसटीएम३२एफ४ मध्ये ‘इंडिपेंडंट वॉचडॉग’ नावाचा ब्लॉक असतो. त्याचा काउंटर १२ बिटांचा, म्हणजे जास्तीत जास्त ४०९६ ठोके. त्याला ठोके देतो चिपमधलाच एक साधा आरसी ऑसिलेटर, एलएसआय. त्याची नाममात्र गती सेकंदाला ३२,०००. एवढ्या वेगाने ४०९६ संपायला सेकंदाचा आठवा भाग लागेल, म्हणून मधे भागाकार करणारा प्रीस्केलर असतो, ४ पासून २५६ पर्यंत. तुम्ही ३० सेकंद मागितले की ड्रायव्हर डिव्हाइस ट्रीमधून ३२,००० हा आकडा उचलतो, २५६ चा प्रीस्केलर निवडतो, ३२,००० भागिले २५६ म्हणजे सेकंदाला १२५ ठोके धरतो आणि ३० सेकंदांचे ३७५० ठोके काउंटरात भरतो. हिशेब चोख आहे. चूक ३२,००० या आकड्यात आहे.

एलएसआय हा क्वार्ट्झचा स्फटिक नव्हे. तो चिपच्या सिलिकॉनवरच घडवलेला, आणि प्रत्येक चिपमध्ये थोडा वेगळा निघतो. उत्पादकाच्या डेटाशीटमध्येच त्याची गती किमान १७, नाममात्र ३२ आणि कमाल ४७ किलोहर्ट्झ अशी दिलेली आहे. तुमची पहिली पेटी ३७५० ठोके २४ सेकंदांत संपवते, म्हणजे तिचा एलएसआय ४० किलोहर्ट्झने पळतोय. दुसरी ३५ सेकंद घेते, म्हणजे तिचा जेमतेम साडेसत्तावीस. दोन्ही चिपा डेटाशीटच्या मर्यादेतच आहेत. शीतगृहातल्या गारठ्याचा किंवा मे महिन्यातल्या नागपूरच्या उन्हाचा त्यात थोडा हात असेलही, पण एवढं अंतर पडायला हवामान लागत नाही, दोन वेगळ्या चिपा पुरतात.

मग असं बेभरवशाचं घड्याळ दिलंच का? याचं उत्तर मला फार आवडतं. पूर्वी गावात जागल्या असायचा. सगळं गाव झोपलेलं असताना त्याने जागं राहायचं, तेवढ्यासाठीच तो नेमलेला. गाव झोपलं की त्यालाही झोप लागणार असेल तर त्याचा उपयोग काय? मुख्य प्रोसेसर ज्या स्फटिकावर चालतो तो स्फटिकच बंद पडला, तर त्याच स्फटिकावर चालणारा वॉचडॉगही त्याच क्षणी थांबेल आणि ज्या प्रसंगासाठी त्याला ठेवला तेव्हाच तो गप्प राहील. म्हणून ‘इंडिपेंडंट’ या शब्दाला अर्थ आहे. याचं घड्याळ ओबडधोबड असलं तरी स्वतःचं आहे. त्याच चिपमध्ये दुसरा एक ‘विंडो वॉचडॉग’ असतो. तो बसच्या क्लॉकवर चालतो, त्यामुळे त्याची मोजणी नेमकी असते, पण बसचा क्लॉक गेला की तोही गेला. वॉचडॉगला कुठला क्लॉक जोडलाय यावर त्याच्यावर किती विसंबायचं ते ठरतं.

तुमच्यासाठी उपाय सरळ आहे. ३० सेकंद म्हणजे ३० सेकंद असं धरून चालू नका. सगळ्यात वेगवान चिप, ४७ किलोहर्ट्झची, हेच ३७५० ठोके सुमारे साडेवीस सेकंदांत संपवेल. तेव्हा किक दर दहा सेकंदांनी किंवा त्याहून लवकर मारा. डिव्हाइस ट्रीमधला ३२,००० बदलून ४०,००० करण्याचा मोह होईल, तो टाळा. पहिली पेटी त्याने सुधारेल आणि दुसरी आणखी बिघडेल, कारण फाइल एक आणि चिपा अनेक. अगदी नेमकेपणा हवाच असेल, तर या चिपांत एलएसआयचा सिग्नल आतल्या आत पाचव्या टायमरच्या चौथ्या चॅनेलला जोडता येतो आणि स्फटिकाच्या मापाने त्याची खरी गती मोजता येते. मिरचीच्या खोलीसाठी एवढं लागेल असं मला वाटत नाही.

आता दोन क्लॉकची गोष्ट. वॉचडॉगशी चिपचे दोन वेगळे संबंध असतात. काउंटरला ठोके हवेत, हा एक. प्रोसेसरला त्या ब्लॉकच्या रजिस्टरांत आकडा लिहायचा असतो, किक म्हणजे शेवटी एका रजिस्टरातलं लिखाणच, हा दुसरा. ते लिखाण बसवरून जातं आणि ब्लॉकचा बसकडचा दरवाजा उघडा राहायला बसचा क्लॉक लागतो. म्हणून एआरएमच्या एसपी८०५ या जुन्या वॉचडॉगच्या बाइंडिंगमध्ये, म्हणजे त्याचा नोड कसा लिहायचा ते ठरवणाऱ्या नमुन्यात, दोन क्लॉक लिहायला सांगितलेत, पहिला मोजणीचा आणि दुसरा रजिस्टरांचा. सिनॉप्सिसच्या डिझाइनवेअर वॉचडॉगमध्येही तसेच दोन, ‘टीक्लॉक’ आणि ‘पीक्लॉक’.

तुमच्या मित्राने काढला तो दुसरा असणार. बोर्ड लगेच न थिजता बूटच्या शेवटी का थिजला, तेही यातून उलगडतं. बूटलोडरने सगळे क्लॉक चालू करून ठेवलेले असतात. लिनक्स उभं राहताना प्रत्येक ड्रायव्हर आपापला क्लॉक मागून घेतो. सगळे येऊन गेले की कर्नेल घरात फिरून दिवे मालवतो, म्हणजे ज्या क्लॉकवर कुणी हक्क सांगितला नाही ते बंद करतो. वॉचडॉगच्या बसक्लॉकचं नावच तुम्ही खोडलंत, त्यामुळे तो बेवारस ठरला आणि बंद झाला. पुढच्या किकेला प्रोसेसरने रजिस्टरात लिहायला हात पुढे केला, पलीकडून ‘पोचलं’ असं उत्तर आलंच नाही, आणि तो तसाच उभा राहिला. खात्री करायची असेल तर कर्नेलला बूटच्या वेळी ‘क्लॉक इग्नोर अनयूज्ड’ हा पर्याय देऊन पाहा. बोर्ड थिजणं थांबलं तर निदान पक्कं. उपाय म्हणून मात्र तो पर्याय पेटीत कायमचा ठेवू नका, फाइल दुरुस्त करा.

दुसऱ्या गोष्टीची मला तिन्हींत सर्वात जास्त काळजी वाटते. थिजलेला बोर्ड निदान दिसतो. न भुंकणारा राखणदार कुणाच्या ध्यानातच येत नाही. क्लॉक न लिहिलेल्या नोडचं दोनपैकी एक झालं असणार. एक तर ड्रायव्हरने क्लॉक मिळत नाही म्हणून काम करायलाच नकार दिला. तसं असेल तर बूटच्या नोंदींत त्याची एक ओळ सापडेल आणि वॉचडॉगची डिव्हाइस फाइल तयारच झालेली नसेल. नाही तर हा ड्रायव्हर क्लॉक ऐच्छिक मानणारा निघाला, रजिस्टरं भरून मोकळा झाला, आणि मग कर्नेलने दिवे मालवताना मोजणीचाच क्लॉक बंद केला. तेव्हा सगळं जागेवर दिसतं. फाइल आहे, किक जाते, कुठेही एरर नाही, फक्त काउंटर एकाच आकड्यावर गोठलेला. महिनाभर सुरळीत चाललं असं तुम्ही म्हणता, पण तो महिनाभर पेटी एकदाही हँग झाली नव्हती, एवढंच त्यातून कळतं. डीबग फाइलसिस्टिममध्ये सगळ्या क्लॉकचा गोषवारा मिळतो. त्यात वॉचडॉगच्या क्लॉकपुढे गती किती आणि तो किती जणांनी चालू ठेवलाय ते दिसेल. तिथे शून्य असेल तर ती रात्र कशी गेली ते कळलं.

असलेला वॉचडॉग नसल्यासारखा राहणं फार महागात पडू शकतं. १९९४ साली अमेरिकेचं क्लेमेंटाइन हे यान चंद्राचा नकाशा टिपण्याचं काम उरकून जिओग्राफोस या लघुग्रहाकडे निघणार होतं. मे महिन्यात त्याचं सॉफ्टवेअर अडकलं आणि थ्रस्टर पेटते राहिले. इंधन संपलं, यान भिंगरीसारखं फिरत राहिलं आणि लघुग्रहाची भेट हुकली. त्याच्या संगणकात हार्डवेअरचा वॉचडॉग होता, पण तो वापरायचा कोड लिहायचा राहून गेला होता.

आता बाइंडिंगबद्दल थोडं, कारण तुम्ही नोड स्वतः लिहिता. मला सातबाऱ्याची उपमा सोपी वाटते. गाव नमुना सात आणि बारा हा कोरा फॉर्म. कुठल्या रकान्यात काय लिहायचं, कुठला रकाना रिकामा चालेल, हे त्यावर ठरलेलं. तुमच्या शेताचा उतारा म्हणजे तो भरलेला फॉर्म. बाइंडिंग हा नमुना, डिव्हाइस ट्री हा उतारा. सातबाऱ्यावर विहीर आहे हे लिहितात, उद्या तिच्यावर मोटर बसवायचा बेत आहे हे लिहीत नाहीत. डिव्हाइस ट्रीचंही तसंच. ड्रायव्हरला आज काय लागतं ते त्यात लिहायचं नाही, चिपमध्ये तारा कशा जोडल्यात ते लिहायचं. वॉचडॉगला दोन क्लॉकच्या तारा आल्या असतील तर दोन लिहायचे, मग आजचा ड्रायव्हर त्यांतला एकच वापरत असला तरी. तीच फाइल बूटलोडरही वाचतो, दुसरी ऑपरेटिंग सिस्टिमही वाचू शकते, आणि पाच वर्षांनंतरचा ड्रायव्हर वेगळा असेल.

डिव्हाइस ट्रीची ही कल्पना सन कंपनीच्या ओपनबूट या फर्मवेअरमधून आली. १९९४ साली ती आयईईई १२७५ या मानकात बसली, पॉवरपीसीवर रुळली, आणि २०११ च्या सुमारास एआरएमकडे लिनक्समध्ये मोठ्या प्रमाणावर आली. तोवर प्रत्येक एआरएम बोर्डाचं वर्णन कर्नेलच्या सी कोडमध्येच कोंबलं जाई आणि त्या पसाऱ्यावरून लिनस टोरवाल्ड्‌स यांनी उघड संताप व्यक्त केला होता. सुरुवातीला बाइंडिंगं साध्या मजकुरात होती. वाचणारा वाचेल तसा अर्थ लावी. आता त्यांतली बहुतेक यॅमल स्कीमांत असतात आणि तुमची फाइल नमुन्याशी जुळते का हे संगणकच तपासतो.

ही तपासणी किती कामाची आहे ते एसपी८०५ मध्ये दिसलं. बाइंडिंगमध्ये पहिल्या क्लॉकचं नाव ‘डब्ल्यूडॉग’ आणि ‘सीएलके’ यांच्यामध्ये अंडरस्कोअर घालून लिहिलेलं होतं. काही बोर्डांच्या फाइलींत तो अंडरस्कोअर नव्हता. २०२० मध्ये हा नमुना यॅमलमध्ये आणताना असे फरक उघडे पडले आणि फाइली दुरुस्त कराव्या लागल्या. अंडरस्कोअरचं काय एवढं, असं वाटेल. पण ड्रायव्हर क्लॉक नावाने मागणारा असेल तर त्या एका खुणेअभावी त्याला तो मिळणारच नाही.

सिनॉप्सिसच्या बाबतीत दुसरा पेच होता. जुन्या फाइलींत एकच, बिननावाचा क्लॉक लिहिलेला असे, आणि तो काउंटर व बस दोघांचा समजला जाई. २०२० मध्ये दोन वेगळ्या क्लॉकची सोय झाली, तेव्हा दुसरा सक्तीचा केला असता तर आधीच विकल्या गेलेल्या, भिंतींवर लटकलेल्या किती पेट्या नव्या कर्नेलवर बंद पडल्या असत्या. म्हणून ड्रायव्हर आधी ‘टीक्लॉक’ नावाचा शोधतो, तो नसेल तर यादीतला पहिला घेतो, आणि ‘पीक्लॉक’ ऐच्छिक मानतो. बाजारात गेलेल्या फाइलीला दिलेला शब्द असाच पाळायचा असतो. म्हणून यादीतला क्रमही मनाला येईल तसा बदलायचा नाही, नवं ते शेवटी जोडायचं.

याच वॉचडॉगची आणखी एक खोड जाता जाता सांगतो, कारण तुमच्या मोठ्या पेटीत तो असण्याची शक्यता आहे. त्यात हवा तो आकडा भरता येत नाही. सहसा दोनाच्या घातांच्या सोळा पायऱ्या असतात, २ च्या १६ व्या घातापासून ३१ व्या घातापर्यंत. क्लॉक २४ मेगाहर्ट्झचा धरा. २९ व्या घाताला सव्वाबावीस सेकंदांच्या थोडं वर मिळतात, ३० व्या घाताला पावणेपंचेचाळीसच्या जवळ. तुम्ही ३० मागितलेत की ड्रायव्हर वरची पायरी घेतो. तेव्हा ‘टाइमआउट-सेक’ या ओळीत लिहिलेला आकडा ही तुमची मागणी आहे. मिळालं किती, ते ड्रायव्हरलाच विचारावं लागतं. एसपी८०५ मध्ये तर काउंटर दोनदा उतरतो, पहिल्यांदा शून्य झालं की इंटरप्ट आणि दुसऱ्यांदा रीसेट, म्हणून ड्रायव्हर त्यात निम्मेच ठोके भरतो. क्लॉकची गती डिव्हाइस ट्रीत चुकली की या सगळ्या हिशेबाला आधारच उरत नाही.

आता तुम्ही काय करा ते सांगतो. ज्या बोर्डाचा नोड तुम्ही लिहिला त्याच्या चिपचं रेफरन्स मॅन्युअल उघडा आणि क्लॉक ट्रीची आकृती शोधा. वॉचडॉगच्या चौकोनात किती रेषा शिरतात ते बोट ठेवून मोजा. प्रत्येक रेष उलटी धरत मागे जा, ती कुठल्या ऑसिलेटरपाशी किंवा पीएलएलपाशी सुरू होते ते पाहा. जितक्या रेषा तितके क्लॉक, बाइंडिंगमध्ये दिलेल्या नावांनी आणि त्याच क्रमाने. मग स्कीमाची तपासणी चालवा.

फाइल बिनचूक झाली तरी पेटी शीतगृहात न्यायची घाई करू नका. आधी टेबलावर वॉचडॉगची डिव्हाइस फाइल उघडा, एकदाच काहीतरी लिहा, आणि मग हात बांधून मोबाइलवर वेळ लावून बसा. ही परीक्षा पास झाली की दुसरी. कर्नेल मुद्दाम पाडा, सिस्टिम रिक्वेस्टच्या ‘सी’ अक्षराने ते करता येतं, पण पॅनिकनंतर आपोआप रीबूट होण्याची सेटिंग बंद ठेवून, म्हणजे पेटीला उठवलं ते वॉचडॉगनेच हे कळेल. प्रत्येक पेटी किती सेकंदांत उठली तो आकडा झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा. जिथे आकडाच आला नाही ती पेटी अजून तुमच्या टेबलावरच राहू द्या.